हात जोडलेल्या आई

पौष वद्य पंचमी, रविवार. सासूबाईंचं वर्षश्राद्ध. हजर — माझा नवरा सतीश, नाशिकहून आलेल्या नणंदबाई वंदनाताई, गुरुजी आणि मी.

गुरुजी जेवून गेले. भांडी झाली, वंदनाताईंची बॅग दाराशी ठेवली. सगळं वेळेत. आता जे सांगणार आहे ते मात्र मी कोणाला सांगितलेलं नाही — सतीशला नाही, देवापुढेही नाही. तुम्हाला का सांगते? माहीत नाही. सांगते.

सतीशच्या बँकेच्या बदलीमुळे आम्ही कोलकात्याला आलो. मुलगी नोकरीसाठी बंगळूरला गेली आणि माझे रविवार रिकामे पडायला लागले. रिकामं बसणं मला जमत नाही. एक जुना कॅमेरा घेतला, मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकले आणि सकाळी बाहेर पडायला लागले. पोत्यातल्या बटाट्यांवरचं उन्ह. ट्रामच्या ओल्या काचेमागचे चेहरे. इस्त्रीवाल्याने रचलेली पांढऱ्या धोतरांची चळत. रोजच्या जगण्यात इतकं सुंदर काही असतं, हे मला पन्नाशीला आल्यावर दिसलं. त्याचा गर्वही झाला — हे आधीच सांगून टाकते.

सासरे गेल्यावर आई — म्हणजे सासूबाई — आमच्याकडे आल्या. सगळा जन्म साताऱ्यात गेलेला. हिंदी जेमतेम, बंगालीचा तर प्रश्नच नाही. पण बाई धीट. खालच्या बागेत जाऊन बसायच्या, लिफ्टमधल्या बायकांशी खुशाल मराठीत बोलायच्या. ‘त्यांना कळत नाही हो आई,’ म्हटलं तर म्हणायच्या, ‘कळतं गं. हसतात की!’

एका रविवारी मी त्यांना गडियाहाटच्या बाजारात नेलं. भाजी झाली. मला मासळीच्या गल्लीत जायचं होतं. तिथे ताडपत्रीच्या भोकांतून ओल्या फरशीवर, खवल्यांवर कवडसे पडतात. आईंना तो वास सोसायचा नाही. म्हणून त्यांना नारळवाल्यापाशी उभं केलं. ‘इथून हलू नका, मी आलेच.’

आलेच म्हणाले खरी. पण रमले. किती वेळ? वाणसामानापासून औषधांपर्यंत सगळ्याच्या याद्या ठेवणारी मी — मला सांगता येत नाही.

गल्लीच्या दुसऱ्या तोंडाने बाहेर पडले, तर आई समोरच, रस्त्याच्या पलीकडे. मला शोधत होत्या. पिशवी छातीशी धरलेली. नारळवाल्याला सांगत होत्या, ‘अहो दादा, माझी सून... निळी ओढणी आहे... हातात कॅमेरा...’ तो बिचारा बंगालीत विचारत होता, ‘की बोलछेन, माशीमा?’ — काय म्हणताय, मावशी? आईंनी आवाज चढवला. ‘सून हो! सून माझी!’ — जणू मोठ्याने बोललं की मराठी कळेल.

मला ऐकू येत होतं. सबंध बाजारात त्यांचं बोलणं कळणारी मी एकटी होते. एक हाक मारायची होती — एवढंच ना? आणि मी काय केलं? कॅमेरा डोळ्याला लावला.

कारण उन्ह तिरकं होतं. कारण पांढरे केस कडेने पेटल्यासारखे दिसत होते. कारण त्या धीट बाईचा चेहरा असा भेदरलेला मी कधी पाहिला नव्हता. एक काढला. सरकले, पुन्हा काढला. मध्ये हातगाडी आली, ती जाईपर्यंत थांबले — हो, थांबले. तेवढ्यात आईंनी पिशवी खाली ठेवली आणि त्या माणसापुढे हात जोडले.

तो फोटो अप्रतिम आला.

मग त्यांच्याजवळ गेले. आणि त्यांनाच रागावले. ‘अहो आई, किती शोधायचं तुम्हाला! हलू नका म्हटलं होतं ना?’ त्या जागच्या हलल्याच नव्हत्या. तरी म्हणाल्या, ‘चुकलं गं माझं.’ माझा दंड धरला तो घरापर्यंत सोडला नाही.

घरी सतीशला सांगितलं — आई हरवल्या होत्या, नशिबाने सापडल्या. तो घाबरला. आता आईला बाहेर पाठवायचं नाही, म्हणाला. तेव्हा तरी बोलायचं होतं. बोलले नाही. बाग बंद झाली, लिफ्ट बंद झाली. चौथ्या मजल्यावरच्या जाळीच्या खिडकीशी खुर्ची ओढून बसायच्या. शेवटपर्यंत.

पुढे गणपतीत इथल्या मराठी मंडळींनी फोटोंचं प्रदर्शन भरवलं. मी फोटोतून नारळ काढले, नारळवाला काढला. उरल्या आई, उन्ह आणि जोडलेले हात. ‘काय भाव आहे चेहऱ्यावर! कालीघाटच्या देवळात काढलात का?’ कोणीतरी विचारलं. हो म्हणाले. पहिलं बक्षीस मिळालं.

चौकट घरी आणली तेव्हा आई बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘म्हणजे तू तिथंच होतीस.’

विचारलं नाही त्यांनी. नुसतं म्हणाल्या. सतीश आत आला तेव्हा त्याला म्हणाल्या, ‘बघ रे, किती छान काढलाय हिने.’

का नाही सांगितलं त्यांनी? मला वाचवलं, की शिक्षा दिली? की सतीश बँकेत गेल्यावर या शहरात त्यांच्याशी बोलणारी मीच एक होते, म्हणून? या शेवटच्या कारणापाशी आले की मी उठून काहीतरी काम काढते.

आज तोच फोटो जेवणाच्या टेबलासमोर लागला. मी दुसरे सुचवून पाहिले. कोणाला पटले नाहीत. सतीशने हार घातला. ‘आई अगदी देवाशी बोलतेय,’ म्हणत वंदनाताई रडल्या. मी खीर वाढत होते. भिंतीकडे पाठ करून बसले, तर समोरच्या काचेच्या कपाटात दिसायला लागला.

वंदनाताईंनाही एक प्रत हवी होती, ती छापून आली आहे. मागच्या बाजूला माझ्या अक्षरात दोन ओळी हव्यात म्हणाल्या — फोटो कुठे काढला, आई तेव्हा काय करत होती. हावड्याला जाणारी टॅक्सी अजून यायची आहे. मी पेन घेऊन बसले आहे. ‘गडियाहाट बाजार’ एवढं लिहून झालं. दुसरी ओळ अजून लिहायची आहे.