जेवढं मारायचं, तेवढं चोळायचं

पलूसला कुंगफू म्हटलं की लोक हसायचे. तालमीच्या मुलखात हे चिनी खूळ कशाला, असं त्यांचं म्हणणं. शिकवणारे सर फौजेतून निवृत्त झालेले. नोकरीत असताना ईशान्येकडे एका म्हाताऱ्या गुरूकडून शाओलिनची विद्या शिकून आले होते. द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमागच्या मैदानात त्यांनी मला आणि माझ्या थोरल्या भावाला वर्षभर नुसतं उभं केलं. घोड्यावर बसल्यासारखे गुडघे वाकवायचे आणि मांड्या थरथरल्या तरी हलायचं नाही. सर सांगायचे, ज्याला स्वतःचं अंग कळत नाही, त्यानं दुसऱ्याच्या अंगाला हात लावू नये. मला ते पटलं. दादाला कंटाळा आला. त्याला विटा फोडायच्या होत्या.

विटा फोडायचा हात तयार करायची एक रीत असते. पिशवीत मूग भरून तिच्यावर तळहात मारायचे. हात मुरला की वाळू भरायची, आणि पुढं बऱ्याच वर्षांनी लोखंडी छर्रे. मारण्याआधी आणि नंतर सरांच्या बरणीतलं मुळ्यांचं औषध हातात जिरेपर्यंत चोळायचं.

"जेवढं मारायचं, तेवढंच चोळायचं," सर दादाला म्हणाले होते. "चोळायला येळ नसंल, तर मारूच नगंस."

दादाला कसला वेळ! त्यानं महिन्याभरात मूग गुरांना घातले आणि गोठ्यातल्या दगडावर छर्ऱ्यांची पिशवी मांडली. सरांना कळलं तसं त्यांनी त्याचं मैदानावर येणं बंद केलं. त्यानं फिकीर केली नाही. आई तेल-हळद घेऊन मागं लागायची, तर हा हात सोडवून निघून जायचा. पुढं यात्रेत विटा फोडल्या, डोक्याला फेटा बांधून घेतला. एकदा त्यानं चुलीवरचा तापलेला तवा नुसत्या हातानं उतरवला, तेव्हा आई आळीभर सांगत सुटली. माझं डोकंच फिरलं. हात भाजलेला कळू नये, यात कसली मर्दुमकी?

हळूहळू त्याला शर्टाचं बटण लागेना. डॉक्टर म्हणाले, शिरा गेल्या, आता काही होणार नाही. हे त्यानं आईला सांगू दिलं नाही.

मागच्या हिवाळ्यात आईला झटका आला. सांगलीच्या दवाखान्यात तिची वाचा गेली, डोळे मिटलेले. ऐकू येतंय का, एवढंच विचारायचं. येत असेल तर ती हात दाबेल, असं नर्सनं सांगितलं. एका वेळी एकालाच आत सोडत होते. थोरला म्हणून दादा आधी गेला.

तो बराच वेळ आत होता. बाहेर आला तो भिंतीला टेकून खालीच बसला.

"तिचा हात धरून इचारलं," तो म्हणाला. "आये, मी हाय, वळखलंस का. दाबला का न्हाई, मला कळलंच न्हाई गं."

मी आत धावले. तिचा हात हातात घेतला, दोनदा हाक मारली. तो हात तसाच पडून राहिला. सकाळ व्हायच्या आत ती गेली.

दिवसकार्य उरकल्यावर मी सरांकडून औषधाची बरणी आणली. आता उपयोग नाही, हे त्यांनीच सांगितलं, तरी दिली. मी कुंडलला सासरी असते, तिथंच शाळेत शिकवते. शाळा सुटली की तिकडूनच माहेरी येते आणि दादाचे हात चोळते. तो डोळे मिटून बसतो. आई गेल्यापासून तो भांडत नाही, याचाच मला जास्त त्रास होतो.

मधेच तो म्हणतो, "आता दाबलास, व्हय ना?"

मी बरणीचं झाकण लावत असते. त्याचा हात केव्हाच सोडलेला असतो.

"व्हय," मी म्हणते.