कूलरातला म्हातारा

काल कूलरला वाळ्याची नवी खस लावली. ओला वास घरभर पसरला, तशी माझी पाच वर्षांची मुलगी चालू पंख्याशी तोंड नेऊन "आऽऽऽ" करू लागली. तिचा तो थरथरता आवाज ऐकून मी तिला मागे ओढलं.

मी तिच्याएवढा असताना बाबा दुपारी खिडकीबाहेर उभे राहून पाइपाने कूलरात पाणी भरायचे. मी आतून विचारायचो, "कोन हाय गा?" पलीकडून पंख्यातून उत्तर यायचं, "मी कूलरातला म्हातारा! मले आंबा दे." म्हातारा काहीही मागो, आपण नाहीच म्हणायचं, असा आमचा खेळ होता.

त्या दुपारी म्हातारा म्हणाला, "आईले बोलाव."

"नाही बोलावत!"

"बोलाव ना रे बेटा..."

आवाज कापत होता. पण पंख्यातून सगळ्यांचाच आवाज कापतो. मी पोट धरून हसलो. "नाही म्हणजे नाही!"

मग नुसता पंखाच ऐकू येत राहिला. कूलर भरून पाणी अंगणात वाहू लागलं, तेव्हा आई बाहेर धावली. बाबा छातीवर हात दाबून पडले होते. दवाखान्यात पोचेपर्यंत ते गेले.

म्हाताऱ्याने शेवटी काय मागितलं होतं, हे मी आईला आजवर सांगितलेलं नाही.

आता मी बाहेर पाणी भरत असलो की मुलगी आतून विचारते, "कोण आहे?" मी पाइप खाली ठेवतो, आत येतो, पंखा बंद करतो आणि मगच तिला ओ देतो.