चोविसाव्या मजल्यावरची ओटी

बोरीहून निघताना आईच्या पिशव्या उचलूनच दादाचा जीव मेटाकुटीला आला. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि वर डबाभर तांदूळ. "आई, तिथं भात मिळतो," तो म्हणाला. "मिळू दे. आपला आपल्यापाशी असावा," आईने त्याला उडवून लावलं.

दादा पुण्यात नोकरीला आहे. कामावर खूश होऊन कंपनीने त्याला मकावच्या एका नावाजलेल्या हॉटेलात दोन रात्रींचा सहकुटुंब मुक्काम बक्षीस दिला होता. मकाव म्हणजे चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरचं जुगाराचं शहर. वहिनीला रजा मिळेना, म्हणून तिच्या जागी मी गेले. मी नांदेडला शाळेत इंग्रजी शिकवते, तेवढाच उपयोग. बाबा जाऊन दोन वर्षं झाली होती आणि तेव्हापासून आई जिंतूरच्या पुढे कुठे गेली नव्हती.

परभणीहून रेल्वेने मुंबई, विमानाने हाँगकाँग आणि तिथून तासाभराची बोट. बोटीत आईला उलटी झाली. पण हॉटेलचे दोन उंच मनोरे दिसले तशी ती सावरून बसली. "इतक्या घराला झाडू कोण मारतं?" हा तिचा पहिला प्रश्न.

आमची खोली चोविसाव्या मजल्यावर होती. नाश्त्याला जायचं तर खेळाच्या दालनाच्या कडेने जावं लागे. तिथे ना खिडकी, ना भिंतीवर घड्याळ. हिरव्या टेबलांभोवती माणसं मान खाली घालून बसलेली. जुगार म्हणजे जत्रेतल्या चक्रीसारखा आरडाओरडा, असं आईच्या डोक्यात होतं. ती थबकली आणि हळूच म्हणाली, "कोणी मेलंय का गं इथं? येवढी माणसं अन् कोणीच बोलंना."

मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. बाबा गेले त्या दिवशी आमच्या ओट्यावर माणसं अशीच बसली होती.

बाहेर मात्र मजा होती. जुन्या शहरात लाटांसारखी नक्षी असलेली फरसबंदी, पिवळं चर्च आणि गल्लीगल्लीत 'दान तात' (अंड्याच्या पिवळ्या बलकाची भाजलेली गोड वाटी). दादाने आणि मी चार-चार चापल्या. आईने वास घेतला आणि दशमीचं फडकं सोडलं.

खोली साफ करायला कमला यायची. नेपाळची, चाळिशीची, हसरी. पहिल्या सकाळी ती आली तेव्हा आईने पलंग आवरून, कप विसळून, टॉवेलच्या घड्या घालून ठेवल्या होत्या. कमला दारातच थांबली. "माँजी, ये मेरा काम है."

"तेरा काम है तो क्या हुआ? बैठ. नाश्ता करी क्या?" आई म्हणाली. परभणीच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, चालते ती हिंदी आईला तिथेही पुरली. बसायची परवानगी नसल्याने कमला उभ्याउभ्याच बोलली. दोन वर्षांनी ती रजेवर घरी निघाली होती. लेक आजीजवळ वाढत होती.

शेवटच्या सकाळी आई मला म्हणाली, "मंगल, ती पोर घरला चाललीय. तिची ओटी भर."

"आई, इथं कुठं ते? उशीर होतोय," म्हणत मी आंघोळीला गेले.

बाहेर आले तर आईच ओटी भरत होती. कमलाने अ‍ॅप्रन पसरला होता. त्यात डब्यातले तांदूळ, एक खण, आणि नारळ नव्हता म्हणून फळांच्या परडीतलं संत्रं. कपाळाला माझ्या डबीतलं कुंकू. बाबा गेल्यापासून आईने कोणाची ओटी भरली नव्हती. आमच्याकडे विधवा ओटी भरत नाही. कोण्या परक्याने तिला अडवलं असतं तर निदान त्याला बोल लावता आला असता. बोरीच्या घरी झालेल्या माझ्या लेकीच्या साखरपुड्यात "आई, तू जरा आत बस" असं मीच म्हणाले होते. मी बॅग भरू लागले.

दुपारी बोटीकडे जाणाऱ्या बसची वाट बघत आम्ही खाली बसलो होतो. तेवढ्यात हॉटेलची एक बाई आमचा खोली क्रमांक विचारत आली आणि आम्हाला तळघरातल्या एका लहान खोलीत घेऊन गेली. तिथे कमला उभी होती. काम संपवून जाताना नोकरांच्या पिशव्या तपासतात. तिच्या पिशवीत आमचा खण, तांदूळ आणि हॉटेलचं संत्रं सापडलं होतं. पाहुण्याच्या चिठ्ठीशिवाय काही नेलं तर नोकरी जाते, हा तिथला नियम.

"बस सुटंल," दादा घड्याळ बघत म्हणाला.

"सुटू दे. ह्या पोरीचं निस्तरल्याबगर मी हालणार न्हाई," असं म्हणून आई खुर्चीत बसली.

टेबलामागच्या प्रौढ अधिकारी बाईंनी इंग्रजीत विचारलं, "हे कोणी दिलं?"

मी आईला अर्थ सांगितला. तिने दोन्ही हात पदराखाली घेतले. "तू दिलं म्हण. माझं नाव घेऊ नको. माझ्या हातानंच इस्कोट झाला. भरल्या घरच्या पोरीला मी कशाला हात लावला?"

कमलाची नोकरी गेली असती तर आईने ते आपल्या कपाळी लिहून घेतलं असतं आणि मरेपर्यंत पुसू दिलं नसतं. मी अधिकारी बाईंना म्हणाले, "माझ्या आईने दिलं. आमच्याकडे घरी निघालेल्या बाईच्या पदरात घरातली मोठी बाई धान्य घालते, तिचं घर भरलेलं राहावं म्हणून. आमच्या घरात मोठी तीच आहे."

बाईंनी आईकडे पाहिलं. मग कागद पुढे केला. आईने सही केली आणि हात पुन्हा पदराखाली घेतला. त्यांनी चिठ्ठीवर शिक्का मारला, संत्रं खणावर ठेवलं आणि पिशवी कमलाच्या हातात दिली.

कमला आईच्या पाया पडली. "माँजी, मेरा आदमी नहीं रहा. तीन साल में किसी ने टीका नहीं लगाया था. मैंने बताया नहीं, कहीं आप हाथ रोक लेतीं."

आई तिच्या कपाळाकडे बघत राहिली. मग पदराखालचा हात काढून तिने तो कमलाच्या गालावर ठेवला.

बस चुकली. टॅक्सी करून धावतपळत बोट गाठली. उतरताना दादाने आईचा हात धरला.

लोक विचारतात, एवढ्या मोठ्या जुगाराच्या हॉटेलात राहिलात, खेळला नाहीत? नाही. पण त्या तळघरात आईचं काय पणाला लागलं होतं ते मी पाहिलं, आणि साखरपुड्यात तिला आत बसवून ते डावावर मांडणारी मीच होते.

बोरीहून मी नांदेडला निघाले तेव्हा शेजारच्या काकू माझी ओटी भरायला सुपात तांदूळ घेऊन आल्या. मी म्हणाले, "काकू, आज आई भरील." त्यांनी सूप खाली ठेवलं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"तुला चालंल का?" तिने विचारलं.

मी ओढणी पसरली.