जिवंत बायकोला भेटायला : अकोला ते अमरावती

मे महिन्यात लहान लेकराला घेऊन अकोल्याहून अमरावतीला जायचा विचार करत असाल, तर माझा पहिला सल्ला असा की जाऊ नका. वऱ्हाडात त्या दिवसांत शहाणी माणसं ओल्या गोणपाटाच्या पडद्याआड पडून राहतात. आता तुम्ही मोटारीच्या काचा लावून दीड-दोन तासांत पोचता, म्हणून तुम्हाला तो शहाणपणा लागत नाही. मी सांगतोय तो प्रवास साठीच्या दशकाच्या सुरुवातीचा. पॅसेंजर गाडी, बडनेऱ्याला गाडी बदलायची, सोबत चार वर्षांची मुलगी आणि तिची आई सोबत नाही.

आई सोबत नव्हती, कारण आम्ही तिलाच भेटायला चाललो होतो. माझी बायको सुशीला आदल्या जुलैपासून अमरावतीला मास्तरणीच्या ट्रेनिंगला होती आणि तिथल्याच वसतिगृहात राहत होती. आमच्या नात्यात नोकरीच्या वाटेला लागलेली ती पहिली बाई. मी अकोल्याला सरकारी कचेरीत कारकून. मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात आमच्या दोन खोल्या होत्या. मीना माझ्याजवळ असायची आणि आम्हा दोघांचं जेवण शेजारच्या गल्लीत मोठ्या मायकडे, म्हणजे माझ्या थोरल्या काकूकडे. दिवाळीला सुशीला चार दिवस येऊन गेली, त्यानंतर भेट नाही. सुरुवातीला मीना रोज विचारायची, आई कधी येते. नंतर तिनं विचारणं सोडून दिलं. मला वाटलं, बरं झालं, सवय झाली.

मोठ्या मायला तसं वाटलं नाही. "लेकरू इचारत नाई म्हंजे चांगलं नोहे बाबू," ती म्हणाली. "एकडाव भेटवून आन. नाईतर इसरून जाईन मायले."

म्हणून एका शनिवारची रजा टाकली. सुराई भरून घेतली, दशम्या आणि कांदा फडक्यात बांधला. निघताना मीनाच्या दोन वेण्या घातल्या. एक कानाच्या मागून निघाली, दुसरी पार मानेवरून. मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

सकाळच्या पॅसेंजरनं जाणार असाल तर उजव्या हाताची खिडकी धरा, ऊन डावीकडून येतं. बाहेर पाहण्यासारखं म्हणाल तर नांगरून पडलेली काळी शेतं, बांधावर रचलेली कापसाची वाळकी पऱ्हाटी, मधूनच एखाद्या जिनिंगचं धुराडं. नऊ वाजल्यापासून खिडकीतून झळा येतात. तोंडावर ओलं फडकं धरा आणि पोराला झोपवायच्या भानगडीत पडू नका.

बोरगावला तीन-चार बाया चढल्या. लग्नाला निघालेल्या होत्या. त्यांच्यात एक म्हातारी होती, तिच्या मांडीवर आंब्यांची टोपली. ती माझ्यासमोर बसली, थोडा वेळ मीनाकडे पाहत राहिली आणि काही न विचारता तिला जवळ ओढून तिच्या वेण्या सोडायला लागली.

"माय नाई वाटते लेकराले," ती शेजारणीला म्हणाली.

"आहे ना वो आजी," मी म्हणालो. "अमरावतीले शिकून राहिली. मास्तरणीच्या ट्रेनिंगले."

म्हातारीनं वर पाहिलं. इतक्या मायेनं माझ्याकडे कुणी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

"हो बाप्पा," ती हलक्या आवाजात म्हणाली. "तसंच सांगा लागते लेकरायले."

"नाई वो, खरंच शिकते. तिलेच भेटाले चाललो आमी."

"हो, हो," असं म्हणत शेजारीण डोळ्याला पदर लावायला लागली.

तुम्ही कधी आपली बायको जिवंत असल्याचं अनोळखी माणसांना पटवून पाहिलंय का? जितकं सांगावं तितकं फसत जातं. लग्न झालेली, लेकराची आई असलेली बाई परगावी शाळा शिकते आणि बाप पोरगी सांभाळतो, ही गोष्ट त्या डब्यात कुणाला खरी वाटणं शक्यच नव्हतं. मी जोरात बोललो तर म्हणे, बिचाऱ्याच्या मनाला लागलंय. गप्प बसलो तर म्हणे, बोलवत नाही त्याच्यानं. कोपऱ्यातल्या एका गृहस्थांनी उठून आम्हाला ऐसपैस जागा करून दिली. काटेपूर्णा येईपर्यंत शेजारणीनं माझं वय विचारून घेतलं होतं.

"आजून उमर काय हाये तुमची? लेकरासाठी तरी करा दुसरं. माह्या जावेची पोरगी हाये, लय गरीब सोभावाची."

माझा नाइलाज झाला. खरं सांगायचं तर मला हसूही येत होतं. एवढ्यात म्हातारीनं विचारलं, "आखजीले घागर भरली का तिच्या नावानं?"

"आमच्यात बंद झालं ते आता," मी म्हणालो. "छप्पन साली दीक्षा घेतली ना आमी."

म्हातारीचा हात मीनाच्या केसांत थांबला.  जावेच्या पोरीचं नाव त्यानंतर पुन्हा निघालं नाही. मग म्हातारीनं अर्धवट राहिलेला पेड घट्ट ओढला, वेणी पुरी केली, रिबिनीची गाठ मारली आणि टोपलीतून एक पिवळाधमक रसाचा आंबा काढून मीनाच्या हातात दिला. हे तिनं मनातल्या मनात काय ठरवून केलं, ते मला आजही कळलेलं नाही.

मीनानं आखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, कधी पाहिलेली नव्हती. आंबा तोंडाशी नेता नेता तिनं विचारलं, "घागर काहून भरतेत?"

"मेलेल्या मानसाच्या नावानं भरतेत बाई. ताट बी वाढतेत," म्हातारी म्हणाली.

"मंग ते येऊन खाते?"

"मेलेलं मानूस कसं खाईन? कावळा खाते."

मीनानं थोडा विचार केला. मग न खाल्लेला आंबा फ्रॉकच्या खिशात ठेवून दिला. मी त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही, कारण मूर्तिजापूर आलं होतं आणि मला भजी घ्यायची होती. मूर्तिजापूरला भजी जरूर घ्या, पण दारातूनच घ्या. खाली उतरलात तर जागा जाते, मग तुमचं कितीही वाईट झालेलं असो.

बडनेऱ्याला आमची आणि त्या बायांची ताटातूट झाली. उतरताना म्हातारीनं माझ्या दंडावर हात ठेवला. अमरावतीची गाडी यायला वेळ होता. पत्र्याच्या शेडखाली बसून आम्ही दशम्या खाल्ल्या. नळाचं पाणी आदणासारखं येत होतं, सुराईतलं मात्र गार होतं. मीना त्या दिवशी अगदी गुणी मुलीसारखी वागली. पाणी मागितलं नाही, कडेवर घे म्हणाली नाही. एवढ्या शहाण्या पोराची काळजी करायला हवी, हे मला तेव्हा सुचलं नाही.

अमरावतीला माझी थोरली बहीण फ्रेझरपुऱ्यात राहायची. स्टेशनवर टांगेवाला बारा आणे म्हणाला आणि आठ आण्यांत आला. वसतिगृहात भेटीची वेळ फक्त रविवारी दुपारी होती, त्यामुळे शनिवारचा मुक्काम बहिणीकडे. तिनं आमरस केला होता. अंगणात बाजांवर कुरडया वाळत होत्या. शेजारची एक बाई मदतीला आली होती आणि मीना तिच्याजवळ बसून वाटीतला गव्हाचा गरम चीक खात होती.

"तुही आई काहून नाई आली वो?" शेजारणीनं सहज विचारलं.

"माही आई मेली," मीना म्हणाली आणि बोटानं वाटी पुसून घेतली.

माझी बहीण हातातला सोऱ्या तसाच टाकून धावत आत आली. "काय सांगून राहिली रे ते पोट्टी? काय झालं सुशीलाले?"

मी बाहेर गेलो. मीनाला मांडीवर घेतलं आणि जमेल तितक्या सरळपणानं सांगितलं की आई जिवंत आहे, तिची परीक्षा जवळ आली आहे, उद्या आपण तिला भेटणार आहोत. मीनानं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं माझ्या गुडघ्यावर हात फिरवला आणि म्हणाली, "हो बाबा. तसंच सांगा लागते."

बहिणीनं तोंडाला पदर लावला. या वेळी मला हसू आलं नाही. सकाळी डब्यातल्या बाया मला समजावत होत्या, संध्याकाळी माझी मुलगी मला समजावत होती. मी फार घाबरलो होतो, हे लिहून टाकतो.

रविवारी दुपारी वसतिगृहाच्या व्हरांड्यातल्या बाकावर आम्ही जाऊन बसलो. देखरेख करणाऱ्या बाईंनी नाव विचारलं आणि आत निरोप दिला. सुशीला जवळजवळ धावतच आली. पांढरं पातळ, बोटांना शाईचे डाग, बरीच वाळलेली. तिनं दोन्ही हात पुढे केले. मीना माझ्या धोतरामागे गेली.

सुशीलानं माझ्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्याचं वर्णन करण्यात अर्थ नाही. कुणाच्याही आईला कळेल.

मी सगळं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात मीना पुढे आली. खिशातून तिनं तो आंबा काढला. आदल्या दिवसापासून खिशात राहून, अंगाखाली येऊन त्याचा पार लगदा झाला होता. तो तिनं सुशीलापुढे धरला.

"खाय."

"तूच खाय ना बाई. माह्यासाठी आनला का?"

"नाई. तू खाय."

"बरं, मंग खाते."

"आत्ता खाय."

सुशीलानं आंबा घेतला, देठ काढून चोखायला लागली. रस मनगटावरून कोपरापर्यंत उतरला, पांढऱ्या पातळावर पडला. खिडकीतून दोन-चार मुली पाहून हसत होत्या. मीना हसत नव्हती. ती आईच्या गळ्याकडे पाहत होती, घोट खाली उतरतो की नाही ते. गर संपला, कोय आली. सुशीलानं ती चोखून पांढरी केली. तेव्हा कुठं मीनानं मोठा श्वास सोडला, आईच्या मांडीवर चढून बसली आणि म्हणाली, "थोडासा मले काहून नाई ठेवला?"

त्यानंतर तासभर ती बोलत होती. आमच्या गल्लीतली शेळी, मोठ्या मायचा दुखरा दात, गाडीतली म्हातारी, कशाचंही कशाला जोडून. बोलता बोलता आईच्या मांडीवरच झोपली. मग मी सुशीलाला गाडीतली सगळी हकीकत सांगितली. मला वाटलं होतं ती हसेल.

"मी येते तुमच्यासंग," ती म्हणाली. "आत्ता. मले नाई पायजे हे शिक्षन. माह्या लेकरानं मले मनातून मारून टाकलं."

परीक्षा तोंडावर आली होती. मी 'ये' म्हणालो असतो तर ती त्याच गाडीनं आली असती आणि पुन्हा कधी गेली नसती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. आणि माझ्या ओठांवर 'ये' हाच शब्द होता.

"तुमी सांगतलं नाई का त्यायले, का जिती आहे मनून?"

"सांगतलं ना. कोनी आयकेच ना."

 सुशीला मीनाच्या घट्ट, सरळ वेणीवरून हात फिरवत होती.

"म्हंजे बाई घरात दिसली नाई का मेलीच समजाची," ती म्हणाली. तिनं मीनाला माझ्या खांद्यावर दिलं, व्हरांड्यातल्या नळावर कोपरापर्यंत हात धुतले आणि पदराला पुसले. "पेपर देऊनच येते मी."

जाताना मीना जागी झाली. मला वाटलं आता रडारड होणार. तिनं आईला हात केला आणि टांग्यात पुढे बसायचा हट्ट धरला.

अमरावतीला आलाच आहात तर कौंडण्यपूर पाहून जा, असं सगळे सांगतात. वर्धेचं पात्र, देऊळ, सगळं छान आहे म्हणे. आम्ही गेलो नाही. सोमवारी मला कचेरी होती. त्याच संध्याकाळी बडनेऱ्याला येऊन परतीच्या गाडीची वाट पाहत बसलो. चहाच्या दुकानात आरसा होता. त्यात मी स्वतःला पाहिलं. दोन दिवसांची दाढी, सदऱ्याची दोन बटणं गायब, कॉलर मळलेली, आणि चेहऱ्यावर असा भाव की पाहणाऱ्यानं जागा करून द्यावी. त्या बायांनी माझं बोलणं ऐकून काही ठरवलं नव्हतं. त्यांनी मला पाहिलं होतं. सुशीला गेल्यापासून घरात चूल पेटली नव्हती, मी हसलो नव्हतो, मीनाशी कामापुरतंच बोलत होतो. मेलेल्याच्या घरासारखं घर मी स्वतःच करून ठेवलं होतं, मग पोरीनं दुसरं काय समजावं?

सुशीला जूनमध्ये पास झाली, खेड्यातल्या शाळेवर लागली आणि निवृत्त होईपर्यंत शिकवत राहिली. मीनाला यातलं काहीही आठवत नाही. बाबांनी रचलेली गोष्ट आहे, असं ती तिच्या नातवंडांना सांगते. त्या सफरीतलं माझ्याजवळ काय उरलं म्हणाल, तर अमरावती नव्हे, दुसऱ्या दिवशीची अकोल्याची संध्याकाळ.

कचेरीतून येताना मी तांदूळ आणि मुगाची डाळ घेतली. मीनानं पऱ्हाटीच्या काड्या मोडून दिल्या, मी चूल पेटवली. खोलीभर धूर झाला. आम्ही जेवायला आलो नाही म्हणून मोठी माय पाहायला आली आणि दारातच थबकली.

"काहून रे? सुशीला येऊन राहिली का?"

"नाई. पेपर झाले का येईन."

"मंग चूल काहून पेटवली?"

"आमी आहो ना घरात," मी म्हणालो.

मोठी माय क्षणभर दारात उभी राहिली. मग आत आली, झाकण काढून खिचडीत डोकावली आणि म्हणाली, "मीठ टाकलं का?"

टाकलं नव्हतं.