मधूमावशीला लिहिण्यासाठी टॅबलेट

"याची बिजागरी किती वर्षं टिकते?" नानासाहेबांनी कीबोर्डवाला टॅबलेट उलटा करून मला विचारलं.

मी पुण्याहून ऑकलंडला शिकायला आले आणि बॉटनी नावाच्या उपनगरातल्या या दुकानात कॉम्प्युटर विकत राहिले. बिजागरीची चौकशी करणारं गिऱ्हाईक मात्र पहिल्यांदाच भेटलं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले नानासाहेब बायकोला घेऊन जवळच्याच टाकानिनी उपनगरात मुलाकडे राहायला आले होते. कुठलीही वस्तू उलटी करून पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

मुलगा सचिन घाईत होता. "नाना, साधा टॅबलेट घेऊ. वजनाला लाइट आहे, आईला सोफ्यावर बसून वापरता येईल. कीबोर्ड हवाय कशाला?" तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि तो बाहेर गेला. बाहेरच्या बाकावर त्याची आई सुमती बसली होती.

सचिनची पाठ वळताच नानासाहेबांनी साध्या टॅबलेटवर बोट ठेवलं आणि ते हात मुद्दाम थरथरवू लागले. पडद्यावर उमटलं, "मममधधधू". मला काचेची काळजी.

"काका, काय करताय?"

"हिचा हात असा हलतो," ते हळूच म्हणाले. "सचिनला सांगू देत नाही. म्हणते, उगीच घाबरेल. हिची बहीण मधू असते वाईला. तिला ऐकू येत नाही, त्यामुळे फोनचा उपयोग नाही, सगळं लिहूनच. हल्ली ही नुसतं अंगठ्याचं चित्र पाठवते. काल मधूनं विचारलं, माझं काय चुकलं?"

"बोललं की आपोआप लिहितात हल्ली टॅबलेट," मी म्हटलं.

"केलं की ते. पण मुलाच्या घरात स्वयंपाकघर आणि हॉल एकच. बहिणीशी बोलायचं ते सुनेसमोर कसं बोलणार?"

आता मलाही चैन पडेना. मी तो कीबोर्डवाला टॅबलेट समोर ठेवला. पडदा मागे दुमडला की टॅबलेट, उघडला की लॅपटॉप. एकच कळ पुन्हापुन्हा दाबली गेली तर जादाची अक्षरं गाळण्याची सोय असते, तीही चालू केली. नानासाहेबांनी तळहात कडेला टेकवून पुन्हा बोटं थरथरवली. चुका झाल्या, पण नाव वाचता येत होतं.

"माझं सोंग आहे," ते म्हणाले. "खरं तिच्याच हाताला कळणार."

त्यांनी सुमतीकाकूंना आत बोलावलं. पाठोपाठ सचिनही आला. मी कोरं पान उघडून दिलं. इंग्रजी कळा दाबल्या की अक्षरं मराठीत उमटत होती. काकूंनी तळहात टेकवले आणि एकेक कळ शोधत लिहायला लागल्या. सचिन मागे उभा आहे हे त्या विसरल्या असाव्यात, किंवा नसाव्यात.

"मधू, तुझं काही चुकलं नाही गं. माझा हात थरथरतो, म्हणून लिहीत नव्हते."

सचिननं ते दोनदा वाचलं असावं. घाई, फोन, सगळं सोडून त्यानं वाकून आईचा हात आपल्या हातात घेतला.

काकूंनी तो सोडवून घेतला. "थांब रे जरा. अजून बरंच लिहायचंय."