भागीरथीकाकूंचं सरण

भागीरथीकाकू वाईहून काशीला आल्या त्या मरायला. आणि आल्या आल्या त्यांनी पहिली खरेदी केली ती स्वतःच्या सरणाची. पाटल्या मोडून रामनगरहून नावेनं आंब्याचं लाकूड आणवलं आणि ब्रह्माघाटावरच्या आमच्या घरात, त्यांच्या खोलीशेजारच्या कोठडीत रचून ठेवलं. "माझ्यामागे कुणी नाही. मणिकर्णिकेवर माझ्यापायी कुणाला हात पसरावा लागायला नको," म्हणाल्या. आम्ही बाकीच्या बिऱ्हाडकरणी पदराआड हसलो.

मग लढाई लागली आणि माझं हसू आटलं. तांदूळ, तेल, घासलेट, सगळं चढत गेलं. लाकडाचं तर विचारूच नका. यांचा पाठशाळेतला पगार मात्र होता तिथंच. मी दूध निम्म्यावर आणलं, भाजीला तेल नुसतं दाखवू लागले. आणि भिंतीपलीकडे काकू मलई खात होत्या!

झालं असं, की दूधवाल्या सरजूला भट्टीसाठी लाकूड मिळेना, तेव्हा काकूंनी कोठडी उघडली. "सरजू, मलाई मोटी देना, लकड़ी भी मोटी देंगे!" ही त्यांची हाक साऱ्या गल्लीला पाठ झाली. मग जिलबीवाला आला, नावाडी आला, बांगडीवाली आली. आयुष्यभर एकवेळ जेवलेली ही बाई एकेका ओंडक्यावर जिलब्या खात होती, नावेतून रामनगरपर्यंत फिरून येत होती. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

"काकू, सरण खाताय तुम्ही," मी एकदा बोललेच.

"अगं इंदे, ढीग खाली जातो तसा भाव वर जातो. अर्धा संपला, तरी उरलेल्याचं मोल पहिल्या सगळ्याएवढं. मी कुठं गरीब झाले?"

"चितेवर भाव रचत नाहीत, काकू. लाकडं रचतात."

त्या खळखळून हसल्या. "ते खरंच गं. पण हे जिभेला कोण सांगणार?"

तेही मी सोसलं असतं. पण त्यांनी माझ्या शांतेला हिरव्या बांगड्या भरल्या आणि कार्टी मला म्हणते, "आई, काकूच चांगल्या." त्या दुपारी काकू गंगेवर गेल्या असताना मी कोठडीतलं एक लाकूड उचललं. चुलीसाठी नव्हे हो. त्यांचं एक कमी व्हावं, एवढ्याचसाठी. ते बाजेखाली लपवलं आणि मग जाळायचाही धीर होईना.

दोन दिवसांनी काकू सहज म्हणाल्या, "इंदे, कोठडीतलं लाकूड दमट असतं. ऊन दाखवून मग चुलीत घालावं." तो विषय पुन्हा त्यांनी काढला नाही.

माघात एका सकाळी काकू उठल्याच नाहीत. कोठडीत चार लाकडं उरली होती. यांचा चेहरा उतरला. घरात पैसा नव्हता. आणि माझ्या मनात, खोटं कशाला सांगू, आधी हेच आलं: बघा, मी म्हणत नव्हते?

तेवढ्यात सरजू आला. खांद्यावर दोन ओंडके, डोळे लाल. "माई की लकड़ी है," एवढंच म्हणाला. मागोमाग जिलबीवाला आला, नावाडी आला, बांगडीवाली काखेत एक फाटा घेऊन आली. त्या टंचाईत कुणी कुठून आणलं, देव जाणे. दाराशी ढीग झाला. सगळ्यांत शेवटी मी बाजेखालचं ओढून आणलं.

सरजूनं ते माझ्या हातून घेतलं. "आपको भी दी थी माई ने, बहूजी?"

मी मान डोलावली.

मंडळी गेल्यावर घरात आले. तांदळाचा डबा, डाळीचा डबा, जपून ठेवलेलं तेल, सगळं जागच्या जागी होतं. माझ्या वेळी दाराशी कोण काय घेऊन येईल, आठवू लागले. एक नाव सुचेना. काकू जिवंत असताना त्यांच्या मलईचा हेवा केला. त्या सरणाचा अजून करते.