तारखेपुरती खोली

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. माझं माहेर अकोल्याचं आणि सासर अमरावतीचं. नवरा गेला तेव्हा मला संसार म्हणजे काय हेही पुरतं कळलेलं नव्हतं. सासरे होते तोवर त्या घरात माझं ताट मांडलं जाई. ते गेल्यावर थोरल्या दिरानं एका सकाळी माझी ट्रंक टांग्यात ठेवायला लावली आणि म्हणाला, "थोडे दिवस माहेरी राहून ये." ते थोडे दिवस काही संपले नाहीत. मी पत्रं पाठवली, माणसं पाठवली. शेवटी निरोप आला की इथे जागा नाही. जागा नाही म्हणणाऱ्याच्या घराला दोन चौक होते.

भाऊ अकोल्याला एका वकिलाकडे कारकून होता. पोटगीचा दावा लावायचं त्यानंच सुचवलं. इस्टेट अमरावतीची, तेव्हा दावाही तिथेच लागला. बायकांनी कचेरीच्या पायऱ्या किती चढायच्या, म्हणून मी मुखत्यारपत्र त्याच्या नावानं करून दिलं. पहिल्या काही तारखांना तो बरोबर आला. मग रजा मिळेनाशी झाली. अमरावतीचे आमचे वकील म्हणाले, "बाई स्वतः समोर बसलेल्या असल्या की तारीख पुढे ढकलताना समोरच्यांना जरा जड जातं." भाऊ मला म्हणाला, "मग तूच जात जा. नुसतं बसायचं तर आहे."

नुसतं बसायचं होतं, पण राहायचं कुठे? वकील आदल्या दिवशी बोलावत. कचेरीत काम पुकारेपर्यंत ऊन उतरायचं, आणि पुष्कळदा "उद्या या" असं उत्तर मिळायचं. त्या गावात माझं एकच घर होतं आणि त्याच घराशी माझा दावा चालला होता.

पहिल्यांदा एकटी गेले तो दिवस मला अजून सलतो. बडनेऱ्याला गाडी बदलून अमरावतीला उतरले. टांगेवाल्यानं एका खाणावळीसमोर नेऊन उभं केलं. खाली जेवणाची पंगत, वर उतारूंच्या खोल्या. गल्ल्यावरच्या माणसानं माझं आलवण पाहिलं आणि विचारलं, "बरोबर पुरुष कोण?" कोणी नाही म्हटल्यावर खोल्या भरलेल्या निघाल्या. दुसऱ्या ठिकाणीही तेच. धर्मशाळेच्या रखवालदाराला गावातल्या कुणा प्रतिष्ठिताची ओळख हवी होती. मी दिराचं नाव सांगणार कशी? शेवटी एकानं जिन्याशेजारची, खिडकी नसलेली खोली दिली आणि दुप्पट भाडं सांगितलं. मी दिलं. ट्रंकेतली एक सोन्याची बांगडी त्याआधीच सोनाराकडे गेली होती.

दुसऱ्या दिवशी कचेरीच्या व्हरांड्यात मी खांबाआड बसले होते. दीर त्याच्या वकिलाशी बोलत होता. मला ऐकू जावं म्हणून बोलत होता की मी दिसले नव्हते म्हणून, ते देव जाणे. "तारखा घेत राहा. खोलीचं भाडं किती दिवस भरेल ती? दमेल आपोआप."

त्या वाक्यानं मी जागी झाले. खटला कायद्यानं चालला आहे असं मी समजत होते, आणि समोरचा माणूस तो माझ्या खोलीभाड्यावर चालवत होता. तेव्हा ठरवलं की दमायचं नाही, आणि त्यासाठी खोली स्वस्तात मिळवायला शिकायचं.

शिकले. स्टेशनवरच्या टांग्यात बसायचं नाही, कारण टांगेवाल्याची दस्तुरी खाणावळवाला आपल्याच भाड्यात चढवतो. हातात बोचकं घेऊन खोली विचारायची नाही. बोचकं दिसलं की बाई अडलेली आहे हे त्याला कळतं आणि त्याची जीभ सैल सुटते. मी बोचकं अंबादेवीच्या देवळाबाहेरच्या एका फुलवालीकडे ठेवी आणि रिकाम्या हातानं, जणू पुढच्या महिन्यासाठी चौकशी करायला आल्यासारखी जाई. गल्ल्याशी बोलायचं नाही. मागच्या दारानं जाऊन मालकीणबाईला गाठायचं. तिथे पुरुष कोण बरोबर हा प्रश्न निघत नसे. तिथे विचारलं जाई, "जेवलात का?"

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे हंगाम ओळखायचा. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या लागल्या की अडते, दलाल, मुंबईकडचे खरेदीदार खाटेला खाट लावून झोपत आणि भाडं म्हणाल ते. नवरात्रात देवीची गर्दी, कार्तिकात कौंडण्यपूरच्या जत्रेची. तारीख हंगामात पडणार असं दिसलं की मी आषाढातच जोडकार्ड, म्हणजे उत्तरासाठी कोरं कार्ड जोडलेलं पत्र, टाकी. अमुक दिवसांसाठी खोली हवी, भाडं पावसाळ्याचं धरावं, कबूल असेल तर उत्तर कळवावं. पावसाळ्यात खोल्या ओस असत. मालकीणबाई नवऱ्याकडून "कबूल" लिहवून घेई. मग हंगामात तो कुरकुरला तरी त्याचंच अक्षर माझ्या हातात असे.

भाऊ हसायचा. "तू खटला लढते आहेस की सौदा करते आहेस?" तेव्हा मला ते कौतुक वाटलं होतं.

तेल्हाऱ्याकडची एक बाई मला कचेरीतच भेटली. माळ्याची, विधवा, माझ्यापेक्षा थोडी थोरली. तिच्या सासऱ्यानं अमरावतीजवळ घेतलेला संत्र्याचा बगीचा पुतण्यांनी दाबला होता. माझ्याच न्यायाधीशासमोर तिचंही काम होतं. मी व्हरांड्यात भिजवलेले पोहे खात होते तर समोर येऊन उभी राहिली.

"काहून बाई, एकल्याच बसून राहिल्या? राह्यता कुठं?"

मी सांगितलं. भाडं ऐकून तिनं कपाळावर हात मारला. "मी तं बजारात ओट्यावर निजतो. इतक्या कमीत खोली भेटते, हे मले कोनी सांगतलंच नाही. आपुन दोघी मिळून घेऊ का?"

माझ्या नेहमीच्या खाणावळीच्या मालकीणबाईनं आधी नाक मुरडलं. ब्राह्मणाची विधवा आणि माळीण एका खोलीत कशा? मी म्हटलं, "भाडं तुम्हाला पुरं मिळतंय ना?" पहिल्या खेपेला मी खोलीच्या मधोमध दोरीवर धाबळी टांगली. तिनं ती पाहिली आणि पलीकडे आपलं बोचकं सोडलं. संध्याकाळी धाबळीच्या पलीकडून तिचं बोलणं सुरू झालं ते थांबेना. पुतणे, बगीचा, विहीर, मेलेला नवरा, त्याचा राग. पुढच्या खेपेला धाबळी मी पांघरायलाच नेली.

मग आम्ही दोघींनी वकिलांच्या मागे लागून तारखाही एकाच दिवशी मागून घ्यायला सुरुवात केली. आमचे वकील म्हणत, "कोर्ट काय तुमच्या खोलीच्या सोयीनं चालवायचं?" पण घेत. अशी वर्षं गेली. बांगड्या संपल्या, गळ्यातलं गेलं, पण मी एकही तारीख चुकवली नाही. मी दमत नाही हे दिराच्या चेहऱ्यावर मला दिसू लागलं होतं. साक्षीपुरावे झाले. वकील म्हणाले, पुढची तारीख शेवटची.

ती कार्तिकात पडली. मी रिवाजाप्रमाणे आधीच कार्ड टाकलं होतं, दोन दिवसांचं भाडंही पोचतं केलं होतं. गाव कापसानं आणि जत्रेच्या माणसांनी फुगलं होतं, पण माझी खोली झाडून तयार होती. अंघोळ करून मी वकिलांकडे गेले.

ते माझ्याकडे पाहतच राहिले. "तुम्ही कशाला आलात?"

"उद्या निकाल ना?"

"अहो, तडजोड झाली. तुमचे बंधू गेल्याच महिन्यात येऊन गेले. तुमच्या मुखत्यारपत्रावर सही करून एकरकमी रक्कम घेतली आणि पुढचा हक्क सोडला. तुम्हाला ठाऊक नाही?"

त्यांनी पाणी मागवलं. मग खालच्या आवाजात सांगितलं. "तुमच्या दिरानं नवीन मुद्दा काढला होता. विधवेची वर्तणूक चांगली नसेल तर पोटगी मिळत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही वर्षानुवर्षं एकट्या खाणावळीत उतरता, मागच्या दारानं जाता, खाणावळवाला तुम्हाला इतरांपेक्षा कमी भाड्यात खोली देतो. का देतो, असं ते विचारणार होते. बंधूंनी म्हटलं, नाचक्की नको."

का देतो? आषाढात कार्ड टाकते म्हणून देतो. मी ते मोठ्यानं म्हटलं असावं, कारण वकिलांनी मान खाली घातली.

खोलीवर परत आले. तेल्हाऱ्याची बाई तिथे बोचकं सोडत होती. तिला सांगितलं तर तिला आधी कळेचना. "तुमाले न इचारता?" ती पुनःपुन्हा म्हणाली. "तुमचाच भाऊ हाय ना तो? सख्खा?"

मी मालकीणबाईकडे गेले आणि विचारलं, "माझ्याबद्दल चौकशी करायला कोणी आलं होतं का?"

"आले होते ना. तुमचे दीर आणि एक वकील. आमच्या यांनी सांगितलं, ती बाई दुसऱ्या बाईबरोबर राहते, दिवेलागणीला दार लावते. साक्ष द्यायची तर हीच देईन म्हणाले. ते दोघं मग बसलेच नाहीत."

म्हणजे त्या धमकीत काहीच नव्हतं. माझा भाऊ या दारात येऊन एक शब्द विचारता तर त्याला कळलं असतं. तो गावात आला होता, या रस्त्यानं गेला होता.

भाडं दिलेलं होतं, म्हणून दोन दिवस तिथेच राहिले. दुसऱ्या दिवशी तेल्हाऱ्याची बाई कचेरीत गेली, मी गेले नाही. मग अकोल्याला जाऊन भावासमोर उभी राहिले.

"तुझ्याच अब्रूसाठी केलं," तो म्हणाला. "बाहेर काय बोललं जात होतं, तुला कल्पना नाही."

"तूच पाठवत होतास मला एकटीला."

"तू इतकी हिंडशील असं कुठे वाटलं होतं? मला वाटलं, दोन-चार खेपांत दमशील."

दीर जे बोलला होता तेच शब्द. मी विचारलं, "पैसे कुठे आहेत?" तेव्हा वहिनी आत गेली. माघात त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. मुलगा डॉक्टरीला होता. भाऊ म्हणाला, "तुझी जन्माची सोय इथे आहेच. वेगळे पैसे घेऊन तू करणार काय?"

लग्नापर्यंत मी राहिले. पापड लाटले, लाडू वळले. मांडवात मला कोणी बोलावलं नाही, आणि मीही माजघर सोडलं नाही. त्या पोरीचा काही दोष नव्हता. ती निघताना माझ्या पाया पडली तेव्हा मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मनातून आशीर्वाद आला नाही, हेही खरं.

फाल्गुनात मालकीणबाईचं कार्ड आलं. त्यांची स्वयंपाकीण सोडून गेली होती. मी ट्रंक घेऊन अमरावतीला गेले आणि स्वयंपाकघरामागच्या खोलीत राहिले. दोन वेळा पंगतीचा स्वयंपाक करायचा, खोलीचं भाडं नाही. तेल्हाऱ्याची बाई तिच्या तारखांना येत राहिली. बगीचा तिला मिळाला, पण तोवर पुतण्यांनी विहीर बुजवली होती आणि झाडं वाळली होती. "कागद भेटला," ती म्हणाली आणि माझ्यापुढे बसून जेवली.

बऱ्याच वर्षांनी भाऊ एकदा आला. जावयाच्या कसल्याशा कामासाठी. भर कापसाचे दिवस. मालकीणबाई तेव्हा अंथरुणाला खिळल्या होत्या आणि खोल्यांचं मीच बघत होते. त्यानं मागच्या दारानं येऊन विचारलं, "एखादी खोली होईल का दोन दिवसांसाठी?"

मी भाडं सांगितलं.

"इतकं? ओळखीत काही कमी नाही होत?"

"नाही होत," मी म्हटलं.

त्यानं पैसे मोजून दिले. दोन्ही दिवस तो पंगतीला बसला, वांग्याची भाजी दोनदा मागून घेतली आणि वाढणाऱ्याला म्हणाला, आईच्या हातची आठवण झाली. मी आत चुलीपाशी होते. जाताना तो दारात थांबला. मग छत्री उचलून स्टेशनकडे गेला.